पास मनीषाचा होता

सुजाता वाघमारेला फुटबॉल मी शिकवला. हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा बोलले आहे की हल्ली माझा नवरा ते माझ्या आधी पूर्ण करतो. ऑफिसात कुणी क्रिकेटचा विषय काढला तरी मी वळणं घेत घेत तिथंच येऊन पोचते. आणि ते खोटं नाही. चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं कसा मारायचा, हे जामबागच्या आमच्या कॉलेजच्या मुरमाड मैदानावर एका सोमवारी सकाळी तिला मीच दाखवलं. पुढं काय झालं ते मात्र मी सहसा सांगत नाही.

मी तेव्हा सेकंड इयरला होते. मुलींच्या टीमला अकरा जणी लागतात, आम्ही होतो दहा. आमच्या खेळाच्या शिक्षिका विजया मॅडम तेलुगू, सगळ्या मुलींना सरसकट ‘अम्मा’ म्हणायच्या. त्यांनी बजावलं होतं, "अकरावी लाओ अम्मा, नहीं तो मैं नाम निकाल देती." म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेतून नाव काढून घेणार. तसं आमचं नाव असून तरी काय होत होतं? दरवर्षी पहिल्याच मॅचला हरून आमची टीम बसनं परत यायची. पण त्या हरणाऱ्या टीमची सेंटर फॉरवर्ड मी होते. नऊ नंबरची जर्सी माझी होती.

अशात एका दुपारी कँटीनमध्ये मागच्या बाकावरून आवाज आला, "हौ आई, खाल्लं म्हणलं ना. हौ. मग?" तेलुगू आणि दखनीच्या त्या गलक्यात मराठी कानावर पडलं की मान आपोआप वळते. बघते तर एक उंच, हाडापेरानं मजबूत मुलगी, केस करकचून बांधलेले, एका कानाला फोन आणि दुसऱ्या हातात तिखटमीठ लावलेला जाम. पेरूला आमच्याकडं जामच म्हणतात.

"मराठी?" मी विचारलं.

"हौ. मग?"

"कुठली गं?"

"काचीगुडा, स्टेशनच्या मागं. मूळ नांदेडकडचे. तू?"

"चिक्कडपल्ली. फुटबॉल खेळशील?"

"मी कबड्डी खेळते."

"इथं कबड्डीची टीम नाही."

तिनं जामचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि बोटं चाटली. "मग खेळू की फुटबॉल. त्याला काय लागतंय?"

‘हौ, मग?’ हे तिचं पालुपद होतं. प्राध्यापकांनी "तू उशिरा आलीस" म्हटलं तरी हौ, मग. "तुझा पाय सुजलाय" म्हटलं तरी हौ, मग. त्यात उद्धटपणा नव्हता. तुमचं ऐकलं, पुढं बोला, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याच्या मस्तकात जायचं आणि ती हसत उभी राहायची. हसणं हे तिचं दुसरं पालुपद. कुणी मागून लाथ घालून पाडलं की बाकीच्या मुली कण्हायच्या, भांडायच्या. ही पडल्या जागी बसून हसायची. लाथ घालणारी मुलगीच बिचकायची, की हिला झालं तरी काय!

पहिले दोन आठवडे मजा होती. कबड्डीची सवय असल्यानं चेंडू पायात आला की ती श्वास रोखून धरायची. मैदानाच्या मध्यापर्यंत जायची, डोळे बाहेर यायचे आणि मग चेंडू सोडून कमरेवर हात ठेवून धापा टाकायची. "अगं, श्वास घे!" मी ओरडायची. "इथं दम सुटला तर कुणी बाद करत नाही." सगळ्या हसायच्या. मला फार छान वाटायचं. शिकवणाऱ्याला जे वाटतं ते सगळं वाटायचं. तिच्या बुटांच्या नाड्या मी बांधून द्यायची, घरी जाताना बसमध्ये तिला ऑफसाइड समजावून सांगायची. ती लक्ष देऊन ऐकायची आणि स्टॉप यायच्या आधीच चालत्या बसमधून उतरून जायची. थांब्यावर थांबलेल्या बसमधून तिला उतरताना मी कधी पाहिलंच नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती श्वास घ्यायला शिकली. कबड्डीनं तिला एक गोष्ट दिली होती जी मला शिकवता आली नसती: समोरच्याला डावीकडं झुकल्यासारखं दाखवायचं आणि उजवीकडून निसटायचं. खांदा इतका खरा झुकायचा की मीसुद्धा फसायची. सरावात तिला अडवायला मी उभी राहायची आणि ती बाजूनं निघून गेल्यावर मला तिची पाठ दिसायची. महिन्याभरात ती पाठ मला पाठ झाली.

मग एके दिवशी मॅडमनी सगळ्यांच्या समोर सांगितलं, "मनीषा, तुम राइट में जाओ अम्मा. बीच में सुजाता."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जर्सी काढून दिली. सुजाता म्हणाली, "तुझीच हाय गं. मॅच झाली की धुऊन परत देते." आणि तिनं खरंच तसं केलं. स्पर्धेच्या पहिल्या मॅचमध्ये तिनं दोन गोल मारले, आणि दुसऱ्या दिवशी नऊ नंबरची जर्सी धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात ठेवली. तिला वाटत असेल यानं मला बरं वाटेल. पण त्यामुळं प्रत्येक मॅचच्या आधी मला ती पुन्हा तिला द्यावी लागायची. एकदाच हिसकावून घेतली असती तर मी एकदाच रडले असते.

आम्ही जिंकायला लागलो. दुसरी मॅच, तिसरी मॅच. कॉलेजमध्ये ज्या मुलींना आमची टीम आहे हेसुद्धा माहीत नव्हतं त्या "सुजाता कौन है?" म्हणून विचारत यायच्या. मीच बोट दाखवायची. "मैं सिखाई उसको," असं सांगायची सवय मला तेव्हाच लागली.

आणि मी क्षुद्रपणाही केला. एकदा मॅडमनी सराव सातऐवजी सहाला ठेवला आणि सुजाताला कळव म्हणून मला सांगितलं. मी कळवलं नाही. ती सातला आली, मॅडमनी तिला मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या. तिनं माझं नाव सांगितलं नाही. धावता धावता माझ्यासमोरून जाताना फक्त म्हणाली, "फोन बिघडला होता का गं मनी?" दुसऱ्या दिवशी सरावानंतर मी बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले आणि माझ्या नाकातोंडातून धूर निघाला. तिनं त्यात जामवरचं तिखटमीठ कालवून ठेवलं होतं. "आता फिट्टंफाट," ती म्हणाली. ती काही साधी नव्हती. कुणी साधी म्हटलेलं तिला आवडायचंही नाही.

मैदानावर मात्र आमच्या दोघींचं एक वेगळंच गूळपीठ होतं. मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळं समोरच्या टीमला न कळता सगळं बोलता यायचं. "मागं बघ, एकटीय मी." "जाडी आली, सोड लवकर." आमची गोलकीपर शबाना वैतागायची, "क्या बातां करतीं रे तुम दोनों? हमारे कू भी तो बोलो!" पण मॅडमना ते फार आवडायचं. सेमीफायनलला आमचा हा डाव उलटला. सुजाता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "डावीकडची बॅक दमली हाय, तिच्याच अंगावर जाऊ." तर ती डावीकडची बॅक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी नाही दमले गं बाई. ये की इकडनं, बघू!" पोरगी आदिलाबादची निघाली. घरी मराठीच बोलायची.

सुजाता हसून हसून मैदानातच खाली बसली. पंच शिट्टी वाजवायला लागले. उठली ती थेट लहानपणच्या ‘च’च्या भाषेवर गेली. "चसपा दे, चसपा!" म्हणजे पास दे. आदिलाबादच्या पोरीला ती भाषाही येत असणार, पण एवढ्या गडबडीत शब्द उलटवून सरळ करेपर्यंत चेंडू गोलमध्ये गेला होता. एक शून्य. आम्ही फायनलला गेलो. त्या दुपारी, मला आठवतं, मी तिच्यावर पूर्णपणे खूश होते. संध्याकाळी बसमध्ये सगळ्या तिचं नाव घेऊन ओरडायला लागल्या तेव्हा ते संपलं.

फायनलच्या आधीच्या रविवारी मी तिला घरी जेवायला आणलं. आईचाच आग्रह होता. "कोण ती एवढी, आण तरी एकदा." सुजाता साधा पंजाबी ड्रेस घालून, तेल लावून वेणी घालून आली, हातात एक डझन केळी. आईनं कौतुक केलं, उंची विचारली, वडील काय करतात विचारलं. रेल्वेत पार्सल ऑफिसात क्लार्क, म्हणाली. मग आईनं आडनाव विचारलं.

"वाघमारे."

आई "बरं" म्हणाली आणि आत गेली. आमच्याकडं जेवायचं टेबल स्वयंपाकघराला लागून आहे. मी पाणी घ्यायला गेले तेव्हा आई दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आणून त्या टेबलावर ठेवत होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "टेबलावर कपडे पडलेत बाई. इथंच हॉलमध्ये वाढते, पंख्याखाली बरं."

"हौ काकू, पंख्याखालीच बरं," सुजाता म्हणाली. आम्ही दोघी टीपॉयवर ताटं घेऊन जेवलो. तिनं वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. मी खाली मान घालून जेवत होते आणि मला लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली अजून एक काही होतं. त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की एक जागा तरी अशी आहे जिथं ही माझ्या पुढं नाही. घासभर वेळ टिकलं ते. पण वाटलं होतं. रात्री आईनं कपडे उचलले आणि आम्ही घरचे टेबलावर जेवलो. मी आईला काही बोलले नाही. आजही बोललेले नाही.

फायनल दुसऱ्या एका कॉलेजच्या मोठ्या मैदानावर होती. खरं गवत असलेल्या मैदानावर आम्ही पहिल्यांदाच खेळत होतो. समोर सिकंदराबादची टीम, आदल्या तीन वर्षांची विजेती. त्यांनी सुजातावर दोघी लावल्या. एक पुढं, एक मागं. ती पडायची, हसायची, उठायची. शबानानं त्या दिवशी काय काय अडवलं ते तिलाही सांगता येणार नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली तरी शून्य शून्य.

शबानानं मारलेली लांब किक माझ्याकडं उजवीकडं आली. माझ्यासमोर एकच बॅक होती. मी डावीकडं खांदा झुकवला आणि उजवीकडून निघाले. हो, तिचाच डाव. तिच्याकडूनच शिकले होते मी तो, हे कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं फक्त कीपर. ती माझ्या अंगावर धावून आली, गोल उघडा पडला. आणि मधून, जेमतेम दहा फुटांवरून सुजाताचा आवाज.

"दे! मनी, दे! एकटीय मी!"

मला ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. च ची भाषा नव्हती, दखनी नव्हती, सरळ मराठी होती. ती दिसतही होती. पास दिला की गोल, लहान मुलालाही कळलं असतं. मी पास दिला नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी टीम नव्हती, कप नव्हता. नऊ नंबर होता. मी सगळा जोर लावून गोलवर मारला.

चेंडू कीपरच्या गुडघ्यावर आपटला आणि उडून सुजाताच्या पायाशी गेला. तिनं तो पायाच्या आतल्या बाजूनं अलगद आत ढकलला. अगदी मी दाखवलं होतं तसा.

सगळ्या तिच्यावर जाऊन पडल्या. मी जिथं होते तिथंच उभी राहिले. शेवटची मिनिटं कशी गेली आठवत नाही. शिट्टी झाली आणि विजया मॅडम मैदानात आल्या, पण आधी माझ्याकडं. डोळे लाल. "मनीषा! शॉट क्यों मारी? वो अकेली थी ना! बाहर जाता तो?"

तेवढ्यात पोरींच्या ढिगातून सुजाता बाहेर आली, तोंडाला माती, केस सुटलेले. म्हणाली, "मॅडम, शॉट नक्को बोलो. पास था वो. हम दोनों का ठैरा हुआ था. ये कीपर पे मारती, मैं पीछे से लेती."

मॅडमनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "अच्छा प्लान, अम्मा." शबाना ओरडली, "क्या दिमाग है रे तुम दोनों का!" मलाही उचललं. फोटोत कपाचा एक कान सुजाताच्या हातात आहे, दुसरा माझ्या. एका तेलुगू पेपरात चार ओळी आल्या, त्यात गोल सुजाताचा आणि पास मनीषाचा, असं छापून आलं. वडिलांनी ते कात्रण ठेवून दिलं.

सगळ्यांना सगळं मिळालं होतं आणि माझी जळजळ थांबत नव्हती. तिचा गोल मी माफ केला असता. तिनं मला दिलेला पास मला माफ करता येईना.

पुढं तिची युनिव्हर्सिटीच्या टीमच्या शिबिरासाठी निवड झाली, माझी नाही झाली. तीन वर्षांनी ती खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागली, मी विम्याच्या ऑफिसात. भेटी कमी होत गेल्या. सुजाताला मराठी नीट वाचता येत नसे, शाळा तेलुगू माध्यमाची. मी कधी देवनागरीत मेसेज पाठवला की उत्तर यायचं: ‘एवढं मोठं काहून लिहायलीस, फोन कर.’ तेही इंग्रजी अक्षरांत. मी फोन करायची नाही.

मग एकदा काचीगुड्याला ऑफिसच्या कामानं गेले होते तर तीच समोरून आली. ओढतच इराण्याकडं घेऊन गेली. चाय आली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी एकदम म्हणाले, "सुजाता, तो पास नव्हता."

"हौ. मग?"

"तुला माहीत होतं?"

"दहा फुटावर होते मी. माझ्याकडं बघून मारलीस तू गोलवर. मला कळणार नाही व्हय?"

"मग मॅडमना तसं का सांगितलंस? मला वाचवायला?"

ती हसायला लागली. ते मैदानातलंच हसणं. मग कप खाली ठेवला. "तुला वाचवायला? लई राग होता मला तुझा. तुमच्या घरी पंख्याखाली जेवले ना मी, त्या टेबलावरचे कपडे बघितले. हात धुवायला आत आले तेव्हा. घडी न घालता फेकलेले होते, आत्ताच दोरीवरून काढल्यासारखे. आणि तू ताटात बघत बसलीस. तेव्हा ठरवलं होतं, हिला एकदा मैदानात सगळ्यांसमोर तोंडावर पाडायचं. मग फायनलला तू आपणहून पडलीस. मॅडम तुला झापायला लागल्या. मला वाटलं, बोलू दे. आणि मग वाटलं, नको. हिला हा खोटा पास देऊन टाकू. सांभाळत बसंल जन्मभर."

शेजारच्या टेबलावर दोघं जण तेलुगूत भाडेकरूविषयी भांडत होते.

"अजून राग आहे?" मी विचारलं.

"नाही गं." तिनं माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं आणि स्वतःच्या चायमध्ये बुडवलं. "किती दिवस ठेवायचा? पण तू सांगितलं नसतंस ना, तर मी पण कधी सांगितलं नसतं."

मी तिची माफी मागितली. नीट शब्दांत, आईच्या वतीनंही. तिनं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच ती ‘हौ, मग’ म्हणाली नाही. उठताना फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाहेर पडून रस्ता ओलांडून गेली. मागं वळून बघायची तिला सवयच नव्हती.

वाटलं होतं, एवढं बोलून झाल्यावर मन साफ होईल. राग गेला, लाज बरीचशी बोलून झाली. मत्सर मात्र तसाच राहिला, जुन्या भाडेकरूसारखा.

गेल्या हिवाळ्यात ती मला शेवटची दिसली. ऑफिसला जाताना ट्रॅफिक तुंबला म्हणून मी स्कूटी आतल्या रस्त्यानं घेतली. तिथं जाळीच्या कुंपणापलीकडं एक मैदान आहे, रेल्वेच्या नोकरीतल्या बायकांची मॅच चालली होती. सकाळचं ऊन, दहाबारा प्रेक्षक. पाठीवरून ओळखली मी तिला. अंगानं सुटली होती, गुडघ्याला पट्टा, केस पहिल्यासारखे करकचून बांधलेले. चेंडू सरळ बाहेर चालला होता. मैदानातल्या सगळ्या जणी थांबल्या होत्या. ही एकटी त्याच्या मागं जिवाच्या आकांतानं धावत होती. पोचणार नव्हती, तिलाही ते कळत असणार. रेषेशी येऊन तिनं पाय लांब केला, तोल गेला आणि ती धप्पकन मातीत पडली.

आणि तिथंच बसून हसायला लागली. विशीतली एक पोरगी धावत आली, तिनं हात दिला. सुजातानं तिलाच खाली ओढलं. मग दोघी मातीत बसून हसत राहिल्या आणि पंच शिट्टी वाजवत राहिले.

मी हेल्मेट न काढता बघत होते. इस्त्री केलेली साडी, पाठीवर लॅपटॉपची बॅग, एक पाय जमिनीवर टेकलेला. मी शेवटची कधी पडले होते, ते आठवायचा प्रयत्न करत होते.